चार हंगाम, चौदा वाणे: घरच्या बागेसाठी मिरचीची निवड

मिरचीचे बियाणे घेताना बहुतेक जण दोनच गोष्टी पाहतात, पाकिटावरचे चित्र आणि तिखटपणाचा आकडा. पहिल्या हंगामात मीही तेच केले. त्या वर्षी माझ्या बारा कुंड्यांपैकी सात कुंड्यांत उंच, हिरवीगार, देखणी झाडे उभी राहिली आणि त्यांच्यावर फळे मात्र नावालाच धरली. झाडांची निगा राखण्यात मी कसूर केली नव्हती. चूक बियाणे निवडतानाच झाली होती. त्यानंतरच्या तीन हंगामांत मी वाणे बदलत गेले, प्रत्येकाची नोंद ठेवत गेले आणि आता चौदा वाणे हाताखालून गेल्यावर माझे मत पक्के झाले आहे: घरच्या बागेसाठी मिरची निवडताना तिखटपणा हा सर्वांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे. त्याआधी फळ केवढे होते, त्याची साल किती जाड असते आणि ते पिकायला किती दिवस लागतात, हे तीन प्रश्न विचारावे लागतात आणि त्यांची उत्तरे चित्रात सापडत नाहीत.

परीक्षणाची पद्धत आधी सांगते, म्हणजे पुढची मते कशाच्या आधारावर आहेत ते कळेल. सगळी झाडे पंधरा लिटरच्या कुंड्यांत, एकाच प्रकारच्या मातीत आणि दिवसाला किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशा जागी वाढवली. एका वाणाची किमान दोन झाडे लावली, कारण एकाच झाडावरून वाणाबद्दल बोलणे अन्यायाचे ठरते. बियाणे नेहमी पाकिटातलेच वापरले आणि रोपे घरीच तयार केली. कोणत्याही वाणाला जास्तीचे खत किंवा विशेष औषध दिले नाही. घरची बाग करणाऱ्याला नोकरी, घर आणि इतर व्याप सांभाळून जेवढे करता येते तेवढेच केले. ज्या वाणाला त्याहून अधिक लागते ते वाण वाईट नसते, पण घरच्या बागेसाठी ते पहिल्या पसंतीचे असू शकत नाही.

पाकिटावर छापलेल्या दिवसांच्या आकड्याबद्दल इथे थोडे थांबायला हवे, कारण सर्वाधिक फसगत त्यानेच होते. ‘७५ दिवस’ असे लिहिलेले असते तेव्हा ते दिवस बी पेरल्यापासून मोजलेले नसतात, तर रोप कायमच्या जागी लावल्यापासून मोजलेले असतात. रोप त्या अवस्थेला येण्यासाठी आधी सहा ते आठ आठवडे गेलेले असतात, आणि काही जातींत त्याहूनही अधिक. शिवाय ढोबळ्या मिरचीच्या पाकिटावरचा आकडा पुष्कळदा हिरव्या फळाचा असतो. तेच फळ लाल किंवा पिवळे व्हायला आणखी दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे ७५ दिवसांची म्हणून घेतलेली मिरची चित्रातल्या रंगाला येईपर्यंत पेरणीपासून साडेचार-पाच महिने सहज उलटतात. ज्यांच्याकडे उबदार दिवस मोजकेच असतात त्यांनी हा हिशेब पेरणीच्या आधी कागदावर मांडला पाहिजे.

सुरुवात ढोबळ्या मिरचीपासून करते, कारण नवखा माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो आणि तिथेच नाउमेद होतो. ‘कॅलिफोर्निया वंडर’ हे १९२०च्या दशकाच्या अखेरीस आलेले जुने, सरळ (म्हणजे संकरित नसलेले, बी ठेवता येणारे) वाण आजही जगभर विकले जाते. चार कप्प्यांचे, जाड सालीचे, अजिबात तिखट नसलेले फळ ही त्याची ओळख. उगवण उत्तम होती, झाड मजबूत झाले, फुलेही भरपूर आली. पण फुले गळत राहिली. मिरचीचे फूल तापमानाच्या बाबतीत फार हळवे असते. दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, रात्र २४ अंशांहून गरम राहिली किंवा उलट १३ अंशांच्या खाली घसरली, तर परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल देठापासून सुटते. हा नियम सगळ्याच मिरच्यांना कमीअधिक लागू आहे, पण मोठ्या फळाच्या वाणांना त्याचा फटका सर्वाधिक बसतो. लहान फळाची मिरची अशा दिवसांतही काही फुले धरून ठेवते.

दोन झाडांवर मिळून पहिल्या हंगामात मला नऊ फळे मिळाली. त्यांतल्या दोन फळांच्या टोकाशी काळा, खोलगट डाग पडला. हा डाग रोगाचा नसतो. वाढत्या फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचले नाही की तो पडतो, आणि कुंडीत त्याचे नेहमीचे कारण मातीत कॅल्शियम नसणे हे नसून पाणी अनियमित मिळणे हे असते. फळ जितके मोठे आणि जाड, तितका हा धोका अधिक. आणखी एका फळाच्या उन्हाकडच्या बाजूला पांढरट, कागदासारखा चट्टा पडला, कारण पानांची सावली त्याला पुरेशी नव्हती. उरलेली फळे चवीला छान होती, हे प्रामाणिकपणे सांगते. पूर्ण लाल झालेली घरची ढोबळी मिरची हिरव्यापेक्षा कितीतरी गोड असते. पण पाच महिने एक कुंडी अडवून चार-साडेचार फळे, हा व्यवहार मला परवडणारा वाटला नाही. दुसऱ्या हंगामात लावलेल्या संकरित ढोबळी वाणाने याच्या जवळजवळ दुप्पट फळे दिली आणि ती आधीही दिली. पण फुलगळ त्याचीही झाली. ज्यांच्याकडे सौम्य हवा आहे, जमिनीत वाफा आहे आणि रोज पाणी द्यायला कोणी आहे, त्यांनी ढोबळी जरूर लावावी. कुंडीत पहिल्यांदाच मिरची लावणाऱ्याला मी ती सुचवणार नाही.

मग गोड मिरची हवी असेल तर काय लावावे? या प्रश्नाचे उत्तर मला ‘जिमी नार्डेलो’ या वाणात मिळाले, आणि या संपूर्ण परीक्षणात मी सर्वांत आनंदाने ज्याची शिफारस करते ते वाण हेच आहे. १८८७ मध्ये इटलीच्या बासिलिकाता प्रदेशातून अमेरिकेत गेलेल्या नार्डेलो कुटुंबाने सोबत नेलेल्या बियाण्यापासून ते जपले गेले आणि पुढे त्यांच्या मुलाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. फळ पाहिले तर कोणालाही ते जहाल तिखट वाटेल: वीतभर लांब, बारीक, जरासे पिळवटलेले आणि पिकल्यावर गडद लाल. प्रत्यक्षात त्यात तिखटपणा नसतो. साल पातळ असते, त्यामुळे फळ लवकर भरते, लवकर रंग घेते आणि परतल्यावर काही मिनिटांत मऊ होते. झाड गुडघ्याच्या वर फारसे जात नाही, म्हणून कुंडीला ओझे होत नाही. फळे इतकी धरतात की काठीचा आधार मात्र लागतोच. माझ्या एका झाडाची भरलेली फांदी वाऱ्याने मोडली, तेव्हा हे कळले. ढोबळ्या मिरचीची फुले गळत होती त्या कडक उन्हाच्या आठवड्यांतही नार्डेलोने फळे धरणे पूर्ण थांबवले नाही. सरळ वाण असल्यामुळे बी ठेवता येते, हा आणखी एक गुण.

याच गटातले दुसरे वाण ‘कार्मेन’. बैलाच्या शिंगासारख्या निमुळत्या आकाराच्या जुन्या इटालियन प्रकारावरून तयार केलेले हे संकरित वाण २००६ मध्ये ‘ऑल अमेरिका सिलेक्शन्स’ या पुरस्काराचे मानकरी ठरले. १९३२ पासून चालत आलेल्या या पुरस्कारासाठी नवी वाणे वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचणी-बागांत शेजारी शेजारी लावून पारखली जातात, म्हणून पाकिटावर तो शिक्का दिसला तर मी त्याला थोडे वजन देते. कार्मेनची साल नार्डेलोपेक्षा जाड, पण ढोबळ्या मिरचीपेक्षा पातळ असते. गर रसाळ आणि गोडी स्पष्ट. कच्चे खायला नार्डेलोपेक्षा कार्मेन सरस आहे. फळांची संख्या कमी, पण प्रत्येक फळ वजनदार. ज्यांना ढोबळ्या मिरचीची चव हवी आहे आणि तिच्या अडचणी नको आहेत, त्यांनी कार्मेन लावावी. बी मात्र दर दोन-तीन वर्षांनी नव्याने विकत घ्यावे लागेल.

आता जलापेन्योकडे वळते. मेक्सिकोतील हालापा शहरावरून नाव पडलेली ही मिरची मला आधी फार साधी, सगळ्यांना ठाऊक असलेली, म्हणून वेगळे परीक्षण करण्याजोगी वाटत नव्हती. चार हंगामांनंतर मी म्हणेन की नवख्या माणसाला एकच तिखट मिरची लावायची असेल तर ती हीच असावी. बी आठ-दहा दिवसांत उगवले. रोप लावल्यापासून दोन-सव्वादोन महिन्यांत पहिली हिरवी फळे तोडणीला आली. फळ बोटभर लांबीचे, जाड सालीचे आणि भरीव. तोडल्यावर फ्रिजमध्ये दोन आठवडे टवटवीत राहते. एका झाडावर एका हंगामात पंचवीस-तीस फळे सहज मिळाली आणि वेळच्या वेळी तोडत गेले तर झाड नवी फुले काढत राहिले. हे शेवटचे वाक्य सर्व मिरच्यांना लागू आहे, पण जलापेन्योत त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो: दहा दिवस फळे तशीच ठेवली की फुलोरा थंडावतो, आणि तोडणी झाली की आठवड्याभरात पुन्हा कळ्या दिसू लागतात.

जलापेन्योच्या सालीवर कधी कधी बारीक, भुऱ्या, लाकडासारख्या रेषा उमटतात. पहिल्यांदा त्या पाहिल्यावर मी रोग समजून सात-आठ फळे फेकून दिली. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगते: आतला गर सालीपेक्षा वेगाने वाढला की साल सूक्ष्म चिरते आणि झाड ती चीर भरून काढते, त्याच या रेषा. फळ पक्व होत आल्याची ती खूण आहे आणि अनेक जाणकार अशीच फळे मुद्दाम निवडतात. तिखटपणाच्या मापात जलापेन्यो २,५०० ते ८,००० स्कोव्हिल एककांत बसते. ज्यांना एवढेही नको असेल त्यांच्यासाठी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात विकसित झालेले ‘टॅम’ नावाचे सौम्य जलापेन्यो वाण आहे. ते मी स्वतः लावलेले नाही, म्हणून त्याच्याविषयी मत देत नाही.

स्कोव्हिल एकक म्हणजे काय, हे वाण निवडणाऱ्याने नीट समजून घ्यावे, कारण पाकिटावरचा तो आकडा वजनाच्या किंवा लांबीच्या मापासारखा ठाम नसतो. अमेरिकन औषधनिर्माता विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये ही पद्धत मांडली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत जायचा की चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे व्हावे. जितके पट पातळ करावे लागले तितकी एकके. आता हे मोजमाप प्रयोगशाळेत यंत्राने होते, पण आकडे त्याच भाषेत सांगितले जातात. एकाच वाणाच्या दोन झाडांत, इतकेच नव्हे तर एकाच झाडाच्या दोन फळांत या आकड्यात मोठी तफावत पडू शकते. पाण्याचा ताण बसलेल्या झाडाची मिरची अनेकदा अधिक तिखट होते. फळ झाडावर जास्त दिवस राहिले तरी तिखटपणा वाढतो. आणखी एक गैरसमज दूर करते. तिखटपणा बियांत नसतो. तो देणारे कॅप्सायसिन फळाच्या आतल्या पांढरट, मऊ गाभ्यात तयार होते, आणि बिया त्या गाभ्याला चिकटलेल्या असल्यामुळे त्यांना ते लागते. म्हणून सौम्य हवी असेल तर फक्त बिया झाडून भागत नाही, तो गाभा खरवडून काढावा लागतो.

हेच समजून घेतल्यावर पॅड्रॉन आणि शिशितो या दोन वाणांचे वागणे उलगडते. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातली पॅड्रॉन आणि जपानमधली शिशितो या दोन्ही मिरच्या हिरव्या, लहान आणि कोवळ्या असतानाच तोडायच्या असतात. बहुतेक फळे सौम्य निघतात आणि मधूनच एखादे चांगलेच तिखट निघते. माझ्या अनुभवात शिशितोमध्ये हे क्वचित घडले, पॅड्रॉनमध्ये वारंवार. पॅड्रॉन दोन इंचांच्या आत तोडली तर धोका कमी. एकदा हातून राहून मोठी झाली की जवळजवळ प्रत्येक फळ तिखट लागते. म्हणजे या झाडाकडे दर दोन-तीन दिवसांनी जावे लागते. मला ते आवडले, कारण कोवळी फळे लवकर मिळतात आणि झाड सतत हलके राहते. पण आठवड्यातून एकदाच बागेत फेरी मारणाऱ्याने शिशितो घ्यावी, पॅड्रॉन नव्हे. शिशितोची पातळ, सुरकुतलेली साल आणि टोकाशी सिंहाच्या तोंडासारखा दिसणारा आकार, ज्यावरून तिला नाव मिळाले, तो पाहायलाही सुंदर आहे. दोन्हींपैकी एक निवडायची झाली तर फळधारणेत शिशितो थोडी पुढे, चवीत पॅड्रॉन बरीच पुढे.

वाळवून ठेवण्यासाठी मिरची हवी असेल तर सालीच्या जाडीचा प्रश्न निर्णायक ठरतो. मी जलापेन्यो वाळवून पाहिली आणि निम्म्या फळांना आतून बुरशी आली, कारण जाड गरातले पाणी बाहेर पडण्याआधीच आतला भाग कुजू लागतो. कायेन आणि पुसा ज्वाला ही दोन बारीक, पातळ सालीची वाणे मात्र देठासकट पसरून ठेवली तर सावलीतही खडखडीत वाळतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली पुसा ज्वाला झुडपासारखी, बुटकी वाढते. फळे लांब, सुरकुतलेली, आधी फिकट हिरवी आणि नंतर लाल. उष्णतेला ती कायेनपेक्षा अधिक चांगली टिकली. कायेनचा तिखटपणा सर्वसाधारणपणे ३०,००० ते ५०,००० एकके मानला जातो आणि वाळल्यावर त्याची चव स्वच्छ, एकसुरी लागते. ज्वालाची चव मला अधिक भरदार वाटली. दोन्ही झाडे दीर्घकाळ फळ देतात. एका घरासाठी एक झाड पुरते, दोन म्हणजे वाटण्यासाठी.

इथवरची सगळी वाणे कॅप्सिकम अॅन्युअम या एकाच जातीतली आहेत. लागवडीखाली असलेल्या मिरचीच्या पाच जातींपैकी ही सर्वांत वेगाने वाढणारी, आणि म्हणून घरच्या बागेला सर्वांत सोयीची. हाबानेरो ही जहाल तिखट मिरची ज्या जातीत मोडते ती कॅप्सिकम चायनेन्स. हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाउस फॉन याक्विन यांनी १७७६ मध्ये दिले, ती चीनमधून आली अशा समजुतीने. वास्तविक मिरचीच्या सगळ्याच जाती अमेरिका खंडातल्या आहेत. या जातीचे बी उगवायला दोन ते चार आठवडे घेते आणि तेही माती २५ ते ३० अंशांच्या दरम्यान उबदार राहिली तर. माझी पहिली पेरणी थंड खोलीत झाली आणि वाया गेली. लावणीनंतरही फळ पिकायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला. एवढे सगळे सोसूनही हाबानेरो लावावी का? ज्यांना खरोखर तिखट आवडते आणि ज्यांच्याकडे उबदार ऋतू लांब आहे त्यांनी लावावी, कारण तिचा फळांसारखा सुगंध दुसऱ्या कोणत्याही मिरचीत सापडत नाही. १,००,००० ते ३,५०,००० एककांच्या त्या तिखटपणामुळे तो सुगंध बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही, ही खंत मला नेहमी वाटे.

ती खंत ‘हाबानाडा’ने दूर केली. कॉर्नेल विद्यापीठातील पैदासकार मायकेल माझुरेक यांनी तयार केलेले हे वाण म्हणजे तिखटपणा नसलेली हाबानेरो. रंग नारिंगी, साल पातळ, वास तोच आणि जिभेवर गोडवा. पहिले फळ खाताना मी अंग चोरून बसले होते आणि दुसऱ्या घासाला थेट अर्धे फळ खाल्ले. चवीच्या दृष्टीने या चौदांत मी हाबानाडाला सर्वांत वर ठेवते. पण झाड मोठे होते, पिकायला उशीर लावते आणि फळे लहान असतात, म्हणून पहिल्याच हंगामात ती लावू नये. दुसऱ्या किंवा तिसऱ्या हंगामात, रोपे वेळेवर तयार करण्याचा हात बसल्यावर, तिच्यासाठी एक कुंडी राखून ठेवावी.

अतितिखट मिरच्यांबद्दल माझे मत थोडक्यात आणि स्पष्ट आहे. ‘कॅरोलिना रीपर’च्या नावावर २०१७ च्या गिनेस नोंदीत, जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून, सरासरी १६,४१,१८३ एकके आहेत आणि २०२३ मध्ये तो मान ‘पेपर एक्स’कडे गेला. आकडा वाचायला रोमांचक आहे. मात्र घरी वाढवल्यावर एका झाडाच्या चाळीस फळांचे करायचे काय, हा प्रश्न उरतो. फळ हाताळताना हातमोजे लागतात, चिरताना खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, आणि लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात ते झाड आवाक्याबाहेर ठेवावे लागते. शिवाय या वाणांच्या नावाने विकले जाणारे बियाणे खात्रीचे असतेच असे नाही. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी घेतलेल्या रीपरच्या पाकिटातून चार महिन्यांनी साधी, बारीक, लाल मिरची निघाली. पैसे परत मिळाले. हंगाम परत मिळाला नाही. दुसरे पाकीट खात्रीचे निघाले, झाड उत्तम वाढले, आणि बहुतेक फळे मी शेवटी वाळवून कीटकांना दूर ठेवणाऱ्या फवारणीसाठी वापरली. तेवढ्यासाठी कुंडी अडवावी असे मला वाटत नाही.

उरलेल्या तीन जातींपैकी दोन जातींतले एकेक वाण मी कुतूहलापोटी लावले. कॅप्सिकम बॅकॅटम जातीतले ‘मॅड हॅटर’ हे २०१७ मध्ये ‘ऑल अमेरिका सिलेक्शन्स’चा पुरस्कार मिळालेले संकरित वाण तीन पंखांच्या टोपीसारखी फळे देते. चव गोडसर, गाभ्याजवळ किंचित तिखट. झाड मात्र कमरेच्या वर गेले आणि पंधरा लिटरची कुंडी त्याला अपुरी पडली. जमिनीत लावणाऱ्याला ते निश्चित आवडेल. अँडीज पर्वतातली रोकोतो, म्हणजे कॅप्सिकम प्युबेसन्स, सगळ्यांपासून वेगळी: पाने लवदार, फुले जांभळी, बिया काळ्या. तिला थंडावा मानवतो, कडक उष्णता सोसत नाही आणि दहिवर गोठणारी थंडीही सोसत नाही. माझ्याकडे ती वाढली, फुलली आणि एकही फळ न धरता हंगाम संपला. दोष वाणाचा नाही. माझी हवा तिच्यासाठी नव्हती. ज्यांच्याकडे उन्हाळा सौम्य आणि लांब असतो, त्यांना इतर मिरच्या जमत नसतील तर रोकोतो जमेल. शोभेच्या बुटक्या मिरच्या मी या चौदांत धरलेल्या नाहीत; तीन-चार लिटरच्या कुंडीत त्या सुरेख दिसतात, पण चवीसाठी त्यांच्याकडे जाऊ नये.

पाकिटावर आणखी दोन गोष्टी वाचाव्यात. पहिली, वाण सरळ आहे की संकरित. संकरित वाणाच्या फळातले बी पुढच्या वर्षी पेरले तर आईसारखे झाड येईल याची शाश्वती नसते. सरळ वाणाचे बी ठेवता येते, पण मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळत असले तरी मधमाश्या शेजारच्या झाडाचा पराग आणतात, म्हणून गोड आणि तिखट वाणे शेजारी असतील तर बी धरण्यासाठी निवडलेल्या फांदीला फुलण्याआधीच पातळ जाळीची पिशवी बांधावी. अशा संकराने या वर्षीची गोड मिरची तिखट होत नाही. फरक पडतो तो त्या बियांतून उगवणाऱ्या पुढच्या झाडात. दुसरी गोष्ट म्हणजे रोगप्रतिकाराची अक्षरे. ‘टीएमव्ही’ लिहिलेले वाण तंबाखूच्या मोझॅक विषाणूला तोंड देऊ शकते. पाने आकसून वळवणाऱ्या चुरडा-मुरड्याविरुद्ध मात्र केवळ वाणाच्या भरवशावर राहू नये. त्यामागे फुलकिडे, कोळी किंवा पांढरी माशी असते आणि पानांची खालची बाजू आठवड्यातून दोनदा उलटून पाहणे हाच माझ्या बागेत उपयोगी पडलेला उपाय आहे. माझ्याकडे पातळ, लहान पानांच्या ज्वालावर चुरडा-मुरडा कमी आला आणि ढोबळ्या मिरचीवर सर्वाधिक.

येत्या हंगामाच्या बारा कुंड्यांची वाटणी मी केली आहे. तीन कुंड्या नार्डेलोला, कारण कितीही आली तरी ती कमीच पडते. दोन कार्मेनला, दोन जलापेन्योला, एक पुसा ज्वालाला, एक पॅड्रॉनला आणि दोन हाबानाडाला, जिचे बी मी या वर्षी तीन आठवडे आधी आणि उबदार जागी पेरले आहे. बाराव्या कुंडीत गेल्या हंगामातलेच एक जलापेन्योचे झाड आहे. मिरची मुळात बहुवर्षायू आहे, गोठवणाऱ्या थंडीपासून वाचली तर दुसऱ्या वर्षीही जगते. म्हणून हंगाम संपताच मी त्याच्या फांद्या वीतभर ठेवून छाटल्या आणि कुंडी घरात, उजेडाच्या खिडकीशी ठेवली. नवी रोपे अजून चार पानांवर आहेत, आणि त्या जुन्या खोडाला काल पहिली कळी दिसली.